ब्रॉडबँड आणि नवनिर्मिती : भारताच्या चार दशकांचा आढावा

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्यासाठी एवढा पैसा घालण्यामागे एक गृहीत आहे. वेगवान इंटरनेट पोचले की शेती, आरोग्य, शिक्षण आणि व्यापार यांत काहीतरी नवे उभे राहील, असे ते गृहीत. ते कितपत खरे आहे यावर अर्थतज्ज्ञ, अभियंते, समाजशास्त्रज्ञ आणि गावांत काम करणारे कार्यकर्ते गेली पंचवीस-तीस वर्षे वाद घालत आले आहेत. आता पुरावाही बराच साठला आहे. तो एकत्र मांडावा, वादातल्या मुख्य भूमिका समजून घ्याव्यात, आणि काय ठरले व काय ठरायचे आहे ते नोंदवावे, हा या लेखाचा हेतू. उदाहरणे मुख्यतः भारतातली, त्यातही काही महाराष्ट्रातली आहेत. तुलनेसाठी आफ्रिकेचा अनुभव घेतला आहे.

प्रश्नाची कक्षा

सरकारच्या लेखी ब्रॉडबँड म्हणजे काय, हे काळानुसार बदलत गेले. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस धरला होता. २०१३मध्ये तो ५१२ झाला आणि जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएसवर गेला. म्हणजे २००५ सालचा 'ब्रॉडबँडधारक' आजच्या हिशेबात मोजलाच जाणार नाही. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना हे लक्षात ठेवावे लागते.

नवनिर्मितीची मोजणी याहून अवघड आहे. पेटंट, संशोधन-निबंध आणि नवउद्योग मोजता येतात, म्हणून बहुतेक अहवाल तिथेच थांबतात. विकसनशील देशात मात्र बरीचशी नवनिर्मिती कामाच्या पद्धतीत होते. कारखाना उसाचे वजन शेतकऱ्याला कसे कळवतो, डोळ्यांचा डॉक्टर शंभर किलोमीटरवरच्या रुग्णाला कसा तपासतो, भाजीवाली सुट्या पैशांचा प्रश्न कसा सोडवते, या सगळ्या नव्या रीतीच आहेत. या लेखात नवनिर्मिती हा शब्द अशा व्यापक अर्थाने घेतला आहे.

पार्श्वभूमी : मोजक्या आवारांपासून प्रत्येक खिशापर्यंत

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने बंगळूरला केंद्र उघडले आणि तिथले काम परदेशी पाठवण्यासाठी पुढे स्वतःचा उपग्रह दुवा घेतला. साध्या टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत होते, तो हा काळ. १९९१मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने अशीच जोडणी लहान कंपन्यांनाही भाड्याने मिळवून दिली. सॉफ्टवेअर निर्यातीचा उद्योग त्यावर वाढला. वेगवान जोडणीतून नवा उद्योग उभा राहतो हे भारताने पहिल्यांदा इथे पाहिले, पण ती जोडणी काही आवारांच्या कुंपणाबाहेर गेली नव्हती.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या सेवेने. १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, शहरांत सायबर कॅफे उभे राहिले. २००४च्या धोरणाने २०१०पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. मुदत संपली तेव्हा गाडी जेमतेम निम्म्याच्या पुढे होती. ऑक्टोबर २०११मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी मिळाली. अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या, अंदाजे खर्च २०,००० कोटी, मुदत दोन वर्षे. मुदती पुढे सरकत राहिल्या. २०१५मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारने महानेट या नावाने हाती घेतले. पुढे देशभरात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तार गेली, पण अनेक ठिकाणी ती चालू राहिली नाही. तालुक्यापासून गावांकडे एकेरी रेषेत टाकलेली फायबर रस्त्याच्या कामात एका जागी तुटली की पुढची सगळी गावे बंद पडत. म्हणूनच सुधारित कार्यक्रमात जाळे वर्तुळाकार करण्याचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्यात आहे. आधीच्या अनुभवातून घेतलेला हा सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणावा लागेल.

तार अडखळत असताना बिनतारी जोडणी पुढे निघून गेली. २०१०मध्ये थ्रीजी लहरींचा लिलाव झाला आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. २०१४ साली एक जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०२२पर्यंत हा दर १० रुपयांच्या आसपास आला. २०२४च्या अखेरीस देशात सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड जोडण्या होत्या. त्यांतल्या तारेच्या जोडण्या मात्र चार कोटींच्या थोड्या वर होत्या, बाकीच्या मोबाइलच्या. भारतातल्या वादाचे वेगळेपण या दोन आकड्यांत आहे. इथला बहुसंख्य माणूस इंटरनेटला भेटला तो फोनच्या पडद्यावर, आणि बहुतेकदा तेवढ्यावरच.

पहिली भूमिका : जोडणी आधी

पहिल्या मताचे अभ्यासक ब्रॉडबँडकडे पायाभूत सुविधा म्हणून पाहतात. रस्ता बांधताना त्यावरून कोणता माल जाईल याची यादी कोणी मागत नाही. रस्ता झाला की माल आपोआप निघतो, असे त्यांचे म्हणणे. माहिती शोधण्याचा खर्च घटतो, लांबचा बाजार जवळ येतो, कल्पना लवकर पसरतात, आणि ज्यांचा विचार कोणी केला नव्हता असे उपयोग लोक स्वतः शोधतात.

या मताला आकड्यांचा पहिला मोठा आधार जागतिक बँकेच्या २००९च्या अहवालाने दिला. विकसनशील देशांत ब्रॉडबँडचा प्रसार १० टक्के-अंकांनी वाढला तर आर्थिक वाढीचा दर १.३८ टक्के-अंकांनी अधिक दिसतो, असा तो निष्कर्ष होता. धोरणाच्या असंख्य कागदपत्रांत तो उद्धृत झाला. त्यावरचा आक्षेपही तितकाच परिचित आहे. श्रीमंत होत असलेल्या प्रदेशात ब्रॉडबँड आधी पोचते, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता?

या आक्षेपाला उत्तर देण्याचा चांगला प्रयत्न योनास हिऑर्ट आणि योनास पोल्सेन यांनी केला. त्यांचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल वेगवेगळ्या वेळी पोचल्या, हा योगायोग त्यांनी वापरला. बारा देशांत केबल आल्यानंतर, जमिनीवरचे जाळे ज्या भागांत आधीच होते तिथे आणि नसलेल्या भागांत काय फरक पडला, हे त्यांनी तपासले. जोडलेल्या भागांत रोजगार वाढला, दक्षिण आफ्रिकेत नव्या कंपन्यांची नोंदणी वाढली, इथिओपियात कारखान्यांची उत्पादकता सुधारली. रोजगाराचा मोठा वाटा कुशल कामगारांकडे गेला, पण कमी शिकलेल्यांचेही एकूण नुकसान झाले नाही.

भारतातला आधार शेतमालाच्या बाजारातून येतो. आयटीसी कंपनीने २०००पासून मध्य प्रदेशात ई-चौपाल ही इंटरनेट केंद्रे गावांत उघडली. तिथे सोयाबीनचे भाव दिसत आणि कंपनीला थेट विकण्याचा पर्यायही होता. अपराजिता गोयल यांच्या २०१०च्या अभ्यासात अशा केंद्रांच्या भागातील मंड्यांमध्ये सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी चढलेला आणि सोयाबीनखालचे क्षेत्र वाढलेले आढळले. रॉबर्ट जेन्सन यांचा २००७चा उत्तर केरळातल्या मच्छीमारांवरचा अभ्यास ब्रॉडबँडचा नाही, साध्या मोबाइलचा आहे, पण या वादात त्याचे नाव नेहमी निघते. फोन आल्यावर बोटी समुद्रातूनच भाव विचारू लागल्या. मासळी वाया जाणे थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला ती सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

दुसरी भूमिका : माणसे आणि संस्था आधी

दुसऱ्या मताचे अभ्यासक जोडणीचे महत्त्व नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप क्रमाला आहे. शिकलेली माणसे, उत्तरदायी संस्था आणि नियम नसतील तर जोडणी पडून राहते किंवा आधीच बलवान असलेल्यांच्या हाती जाते, असे ते म्हणतात. जागतिक बँकेनेच २०१६च्या विकास अहवालात ही बाजू उचलून धरली. डिजिटल लाभ मिळवायचा तर नियमव्यवस्था, कौशल्ये आणि संस्था या तिन्हींची जोड लागते, असा त्या अहवालाचा मुख्य सूर होता. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात अनेक वर्षे काम केलेले केंतारो तोयामा यांनी २०१५च्या आपल्या पुस्तकात हेच अधिक ठाम शब्दांत मांडले. तंत्रज्ञान माणसांच्या आणि संस्थांच्या आधीच्या हेतूला व क्षमतेला मोठे करते. जिथे क्षमता नाही तिथे मोठे करायला काही नसते.

महाराष्ट्राचा या भूमिकेशी थेट संबंध आहे. १९९८मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाभोवती गावोगावी संगणक केंद्रे मांडण्यात आली. बाजारभाव, शेतीसल्ला, जमिनीचे दाखले असे बरेच काही तिथे मिळावे ही कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग साखर कारखान्याच्या कामासाठी झाला. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, खताची उचल आणि बिलाचा हिशेब, ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. काही वर्षांनी तोयामा यांच्याच संशोधन गटाने पाहणी केली, तेव्हा संगणकांची दुरुस्ती आणि जोडणीचा खर्च जड जात होता. गटाने काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तीच कामे करून दाखवली आणि शेतकऱ्यांना ती पद्धत सोयीची वाटली.

वारणेच्या अनुभवाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यावेत असे आहेत. उपयोग झाला तो सहकारी कारखाना होता म्हणून, ही एक बाजू. सभासदाला हिशेब देण्याची जबाबदारी तिथे आधीपासून होती. संगणकाने ती सोपी केली. दुसरी बाजू अशी की, एसएमएसवर भागणाऱ्या कामासाठी ब्रॉडबँडची गरज सिद्ध होत नाही. केनियाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. तिथली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा मार्च २००७मध्ये सुरू झाली. पूर्व आफ्रिकेला सीकॉम ही समुद्री केबल पोचली ती जुलै २००९मध्ये. विकसनशील जगातल्या सर्वांत गाजलेल्या डिजिटल नवनिर्मितींपैकी एक वेगवान इंटरनेटच्या आधी, सिमकार्डावरच्या साध्या मेन्यूवर उभी राहिली.

जेन्सन यांच्या निष्कर्षालाही पुढे मर्यादा घालण्यात आल्या. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळच्या किनाऱ्यावर पुन्हा अभ्यास करून दाखवले की फोनचा उपयोग मासेमारीच्या प्रकारावर आणि बंदरावरच्या विक्रीव्यवस्थेवर अवलंबून असतो. भाव कळणे आणि त्या भावाला विकता येणे यांच्यामध्ये कर्ज, दलाल आणि व्यवहाराचे जुने संबंध उभे असतात.

तिसरी भूमिका : जोडणी कशा प्रकारची

तिसरे मत अलीकडे पुढे आले. जोडणी आहे की नाही यापेक्षा ती कशी आहे, खुली आहे का, भरवशाची आहे का, तिच्यावर काही घडवता येते का, हे प्रश्न ते विचारते.

यातला खुलेपणाचा प्रश्न भारतात २०१५-१६मध्ये ऐरणीवर आला. फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेत निवडक संकेतस्थळे मोफत मिळणार होती. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना थोडे तरी मिळू दे, असे समर्थकांचे म्हणणे होते आणि डेटा महाग असण्याच्या त्या काळात त्याला वजन होते. विरोधकांचा मुद्दा नवनिर्मितीचाच होता. मोफत यादीबाहेरचा नवा उद्योजक गरीब ग्राहकापर्यंत पोचणार कसा? दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी डेटाचे दर कोसळले आणि 'थोडे तरी' या युक्तिवादाची तीव्रता कमी झाली.

भरवशाचा आणि घडवण्याचा प्रश्न फोन विरुद्ध तार असा मांडला जातो. फोनवर पाहता येते, बोलता येते, पैसे देता येतात, छोटा व्हिडिओ बनवून उत्पन्नही मिळवता येते. पण प्रोग्रॅम लिहिणे, यंत्रभागाचा आराखडा करणे, प्रयोगशाळेचे निकाल भरणे, मोठ्या फाइली पाठवणे या कामांना मोठा पडदा आणि न तुटणारी जोडणी लागते. फोनपुरते इंटरनेट वापरणारा वर्ग ग्राहक म्हणून सामील होतो, निर्माता म्हणून मागे राहतो, अशी चिंता काही अभ्यासक व्यक्त करतात. दुसरे अभ्यासक उत्तर देतात की फोनमुळेच कोट्यवधी लोक पहिल्यांदा बाजारात आले, आणि ग्राहक वाढल्याशिवाय निर्माता टिकत नाही.

जोडणी पुरवण्याच्या पद्धतीत नवनिर्मिती हवी, असेही हे मत सांगते. आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने नव्वदच्या दशकात कॉरडेक्ट ही स्वस्त बिनतारी पद्धत विकसित केली. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत, टीव्ही प्रक्षेपणासाठी राखीव पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून फायबरच्या टोकापासून वाड्यांपर्यंत जोडणी नेण्याचा प्रयोग केला. २०१७मध्ये त्याला मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. अशा लहरी गावपातळीवर खुल्या कराव्यात का, हा धोरणाचा प्रश्न त्यातून पुढे आला.

तीन प्रसंग

तिन्ही भूमिका पारखण्यासाठी तीन भारतीय प्रसंग उपयोगी पडतात.

पहिला द्राक्षांचा. २००३च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. नाशिक आणि सांगलीच्या बागायतदारांसाठी तो मोठा धक्का होता. त्यातून कृषिमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने २००६च्या सुमारास ग्रेपनेट ही इंटरनेटवर चालणारी मागोवा-यंत्रणा उभी केली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद, कृषी विभागाची तपासणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस आणि कंटेनर हे सगळे एका साखळीत आले. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या व्यवस्थेची संदर्भ प्रयोगशाळा झाली. युरोपात एखाद्या पेटीबद्दल तक्रार आली तर ती कोणत्या बागेतली हे शोधता येऊ लागले. नंतर डाळिंबासाठी अनारनेट आणि सेंद्रिय मालासाठी ट्रेसनेट आले. इथे बागायतदाराच्या घरी ब्रॉडबँड असण्याची गरज पडली नाही. प्रयोगशाळा, कृषी कार्यालय आणि पॅकहाउस जोडलेले असणे पुरले. आणि २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून द्राक्षे पुन्हा अडकली, कारण ते रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. यंत्रणा चोख होती, तिच्यात भरलेले ज्ञान अपुरे होते.

दुसरा प्रसंग मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची कमी खर्चातील मोतीबिंदू शस्त्रक्रियेची पद्धत आधीच नावाजलेली होती. दोन हजारच्या दशकात संस्थेने खेड्यांत दृष्टिकेंद्रे उघडली. प्रशिक्षित तंत्रज्ञ तिथे डोळे तपासते, माहिती आणि छायाचित्रे पाठवते, आणि रुग्ण व्हिडिओवरून डॉक्टरशी बोलतो. थेनी परिसरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी लांब पल्ल्याच्या वायफायने ही केंद्रे रुग्णालयाला जोडली, कारण दुसरी परवडणारी जोडणी नव्हती. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. हे काम एसएमएसवर झाले नसते; ब्रॉडबँड लागलेच. पण त्यामागे तीस वर्षांची शिस्त असलेली संस्था होती.

तिसरा प्रसंग यूपीआयचा, म्हणजे मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेचा. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६मध्ये ती आणली, डेटा स्वस्त होण्याच्या पाचच महिने आधी. ऑगस्ट २०२३मध्ये महिन्याच्या व्यवहारांनी १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. बँका आणि अ‍ॅप कंपन्या एकाच सामायिक पायावर जोडल्या गेल्यामुळे एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या दुकानदाराला सहज पैसे देऊ शकतो. स्वस्त जोडणी, बँक खात्यांचा प्रसार आणि सामायिक नियम हे तीन घटक एकाच वेळी जुळले. त्याच वेळी दोन अ‍ॅपकडे चार-पंचमांशाहून अधिक व्यवहार एकवटले. एका अ‍ॅपने ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये हा नियम २०२०मध्ये केला गेला, पण त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली.

कोण मागे राहिले

जोडण्यांचे आकडे सरासरी सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के आढळले. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींच्या जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के होते, तर मुली सुमारे २० टक्के. घरात फोन आहे, पण तो आधी भावाच्या हातात जातो. अशा मुलीने नवे काही करावे ही अपेक्षा ठेवताना हा फरक विसरता येत नाही.

आकड्यांत न दिसणारा दुसरा अडथळा खंडित सेवेचा. सरकारी आदेशाने इंटरनेट बंद करण्याच्या घटनांत २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे भारत जगात पहिल्या क्रमांकावर होता, असे 'अ‍ॅक्सेस नाऊ' या संस्थेची मोजणी सांगते. जम्मू-काश्मीरच्या बहुतेक भागांत ऑगस्ट २०१९ ते फेब्रुवारी २०२१ फोरजी बंद होते. सुव्यवस्थेसाठी असे निर्बंध अटळ असतात, असे प्रशासनाचे म्हणणे असते. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी इंटरनेटद्वारे व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनात्मक संरक्षण असल्याचे मान्य केले आणि बेमुदत बंदी अयोग्य ठरवली. ऑनलाइन धंदा सुरू करू पाहणाऱ्याला उद्या जोडणी असेल याची खात्री लागते, आणि ती देण्याची जबाबदारी कोणाची यावर अजून एकमत नाही.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न मोजणीचा. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत २०१५च्या ८१व्या स्थानावरून २०२४मध्ये ३९व्या स्थानावर आला. याच काळात डेटा स्वस्त झाला, पण संशोधन-विकासावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांच्या आतच राहिला. क्रम सुधारण्यात ब्रॉडबँडचा वाटा किती, हे कोणी खात्रीने वेगळे काढलेले नाही.

दुसरा प्रश्न लाभाच्या वाटणीचा. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. डिलिव्हरी आणि टॅक्सीच्या अ‍ॅपनी काम दिले, पण विमा, सुट्टी आणि कामाच्या अटी यांचा प्रश्न उभा केला. राजस्थानने २०२३मध्ये त्यावर कायदा केला. 

तिसरा प्रश्न खर्च कोणी सोसायचा याचा. प्रचंड डेटा वाहवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. असा आकार लावल्यास तो शेवटी छोट्या नवउद्योगांवर येऊन पडेल, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. सार्वजनिक वायफायचा मार्गही अपुरा राहिला. २०१८च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२पर्यंत १ कोटी हॉटस्पॉटचे उद्दिष्ट ठेवले होते, पीएम-वाणी योजना आली, तरी देश त्या आकड्याच्या जवळही गेला नाही.

चौथा प्रश्न तंत्रज्ञानाच्या निवडीचा. २०२५मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला. मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यांत फायबर ओढावी की उपग्रहावर विसंबावे, याचा हिशेब दर आणि भरवसा स्पष्ट झाल्याशिवाय मांडता येणार नाही.

समारोप

एवढ्या पुराव्यावरून काही गोष्टी बऱ्याच खात्रीने म्हणता येतात. वेगवान जोडणीने बाजार, रोजगार आणि कामाच्या पद्धती यांत चांगला बदल घडतो, याचा पुरावा आता विश्वासार्ह आहे. हा बदल आपोआप आणि सर्वत्र घडत नाही, हेही तितकेच सिद्ध झाले आहे. आणि वारणा, द्राक्षबागा, अरविंद यांचे अनुभव जवळजवळ ठेवले तर आणखी एक गोष्ट दिसते. जोडणी जिथे कामाच्या गाठीवर पोचली, म्हणजे वजनकाट्यावर, प्रयोगशाळेत, दवाखान्यात, आणि त्या गाठीमागे लोकांना उत्तर देणारी संस्था होती, तिथे नवी पद्धत रुजली आणि टिकली.

त्यामुळे सुधारित भारतनेटचे यश जोडलेल्या ग्रामपंचायतींच्या संख्येवर मोजणे पुरेसे नाही. वर्षातले किती दिवस जोडणी चालू राहिली, तिच्यावर शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, सहकारी संस्था आणि बचतगट यांचे कोणते काम बदलले, आणि गावातल्या किती मुलींच्या हाती ती स्वतंत्रपणे आली, हे दरवर्षी ग्रामसभेसमोर मांडले गेले पाहिजे. या तीन नोंदी ठेवायला फारसा खर्च येत नाही. आपल्या ग्रामपंचायतीची जोडणी चालू आहे का आणि ती कशासाठी वापरली जाते, हे प्रत्येक वाचकाने येत्या ग्रामसभेत विचारावे.